न घेतलेलं नाव

राहनाळ, भिवंडी
३ सप्टेंबर २०२५

ती. रामनाथकाकांना मृणालीचा वाकून नमस्कार.

मी प्रितमची बायको. आमच्या लग्नात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि पंगत बसायच्या आत इचलकरंजीची गाडी पकडलीत, तेवढीच आपली ओळख. फोन करणार होते, पण आमचे बाबा, तुमचे मोरूदादा, म्हणाले, "मोरूदादा बोलतोय म्हटलं तरी त्याला ऐकू येत न्हाय. यंत्रमागांनी कान खाल्ले त्याचे." म्हणून पत्र लिहितेय. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवते, आता स्वतःची परीक्षा.

दोन बातम्या आहेत. मला दिवस गेलेत, नोव्हेंबरात बाळ येईल. आणि गोदामांकडे रस्ता वळतो तिथे तरुण मंडळ मोठ्या रामनाथ आजोबांचा स्मृतिस्तंभ बसवतंय. सात डिसेंबरला कार्यक्रम आहे. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या गावचा माणूस नौदलाच्या जहाजाबरोबर गेला आणि गावात त्याची एक खूण नाही, हे पोरांना आता खटकलं. बरं झालं.

घरात सगळ्यांनी ठरवलंय की मुलगा झाला तर नाव रामनाथच. मोठे रामनाथ आजोबा, मग तुम्ही, मग हा. स्तंभाचं उद्‌घाटन आणि बारसं एकाच दिवशी करायचं म्हणतात. सगळ्यांत जास्त आनंद पुतळाआजींना झालाय. रोज माझ्या पोटावर हात ठेवून काहीबाही बोलत असतात. त्यांचा नवरा लग्नाच्या वर्षातच गेला, ते नाव घरात पुन्हा हिंडू-फिरू लागेल याचं त्यांना केवढं सुख असेल!

तुमचा आशीर्वाद हवा. आणि एक मदत. माझ्या पाचवीच्या वर्गातली ऋतिका त्या दिवशी भाषण करणार आहे. मोठ्या रामनाथ आजोबांबद्दल तुम्हाला ठाऊक असेल ते सगळं लिहून पाठवा. त्यांचं नाव तुम्ही लावता, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार!

तुमची सून,
मृणाली


इचलकरंजी
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मृणाली हिला आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मास्तरणीला शोभेल असं आहे. आमच्या मोरूदादाच्या घरात शुद्धलेखन आलं, हेच मोठं.

नाव ठेवायला माझी परवानगी कशाला? ते काही मी विकत घेतलेलं नाही. मलाही कोणीतरी वापरायला दिलं होतं. अजून धड आहे, ठेवा हवं तर.

मोठ्या रामनाथबद्दल मला काय माहीत आहे ते लिहितो. तो माझ्या वडिलांचा, लडकूचा, धाकटा भाऊ. नौदलात खलाशी होता. डिसेंबर एकाहत्तरमध्ये जहाज बुडालं, तो सापडला नाही. पांढऱ्या टोपीतला एक फोटो आहे, तो तुमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला असेल. संपलं. बावन्न वर्षं त्याचं नाव लावतोय आणि माहिती एवढीच, आता बोल. तुझ्या ऋतिकाचं भाषण अर्ध्या मिनिटात आटोपेल.

मला यायला जमणार नाही. इथे कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर मिळत नाहीत, म्हाताऱ्यालाच मागांपाशी उभं करतात.

तब्येतीला जप.

तुझा,
रामनाथकाका

ता. क. पुतळाकाकी पोटावर हात ठेवून बोलते म्हणतेस. 'आयलास का' म्हणते की 'आयलात का'? एकदा नीट ऐक.


राहनाळ
२८ सप्टेंबर २०२५

ती. रामनाथकाका,

ऐकलं. 'आयलात का' म्हणतात.

आधी मी हसले. म्हटलं, पोटातल्या बाळाला अहो-जाहो करणारी आजी माझ्या एकटीच्याच वाट्याला आलीय. पण ते तुम्ही का विचारलंत याचा विचार करत बसले आणि हसू गेलं. तुम्हाला कसं माहीत होतं?

आणखी एक झालं. मला डोहाळे माशांचे लागलेत. परवा प्रितमने बोय आणली, सासूबाईंनी कालवण केलं. मी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि पुतळाआजींनी माझा हात धरला. जोरात धरला, काका. म्हणाल्या, "त्या पान्याचा त्यांना घालू नको." मग ताट उचलून आत नेलं. प्रितम म्हणाला, आजी स्वतः मासे खात नाही, म्हणून तिला वास सोसत नसेल. खाडीवरच्या आगरी घरात एक बाई जन्मभर मासे खात नाही, आणि ती का खात नाही हे कोणी कधी विचारलेलं नाही. मी विचारलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

त्या दिवसापासून घरात माझ्याआधी कोणीतरी येऊन गेलंय असं वाटतं. मी खोलीत शिरते तेव्हा आजी बोलता बोलता गप्प होतात. माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, पोटाकडेच बघतात. मी फक्त त्याला आणणारी होडी आहे, असं त्यांच्या डोळ्यांत दिसतं.

गावात विचारत फिरले. मोठे रामनाथ आजोबा कसे होते, उंच होते का, बोलके होते का, एकालाही सांगता आलं नाही. त्यांच्या बरोबरीची माणसं राहिलेली नाहीत. मंडळाचे मिथुनदादा म्हणाले, "वहिनी, वीर जवान एवढं पुरे आहे." ऋतिका म्हणते, "बाई, वीर तर सगळेच असतात. हे कसे होते?"

काका, खरं सांगा. हे नाव मी ठेवावं का?

मृणाली


इचलकरंजी
९ ऑक्टोबर २०२५

चि. मृणाली,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. चालू मागापाशी उभा होतो आणि धागा तुटलेला मला दिसला नाही, असं याआधी कधी झालं नव्हतं.

मी जन्मलो तेव्हा मोठ्या रामनाथला जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. बारशाला मला माझ्या आईच्या, हौसाच्या मांडीवरून उचलून पुतळाकाकीच्या ओटीत घातलं. सगळ्या बाया म्हणाल्या, "घे, तुजा रामनाथ परत आयला." तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल. तिला धीर द्यायला म्हणाल्या, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण तिने ते खरं मानलं.

मला तिनेच वाढवलं. घरात सगळे मला रामा, रामनाथ, गाढवा म्हणायचे. ती एकटी नाव घेत नव्हती. आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तुला माहीत आहे. मी तीन वर्षांचा, नाक वाहतंय, चड्डीचा पत्ता नाही, आणि ती मला म्हणायची, "अवो, जेवून घ्या." माझ्यासमोर येताना डोक्यावरून पदर घ्यायची. पोरं मला चिडवायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या काक्या अशाच असतात.

मला खाडीवर जाऊ दिलं नाही. खाडीकाठच्या गावात वाढलो आणि मला पोहता येत नाही. मासा ताटात पडला नाही. तो त्याच पाण्यात आहे, असं ती म्हणायची. पहिला मासा मी इचलकरंजीत खाल्ला, खानावळीत, आणि बाहेर येऊन ओकलो.

माझा चेहराही त्या फोटोसारखाच होत गेला. ती फोटोकडे बघायची, मग माझ्याकडे. मिशी फुटली तेव्हा तिने मला पांढरा सदरा शिवून घेतला. मी आरशात बघायचं बंद केलं, कारण आरशात तो असायचा. आपण कोण आहोत हे माणसाला विसाव्या वर्षी कळायला लागतं. मला एवढंच कळलं होतं की मी कोण नाही.

तो एकविसाव्या वर्षी गेला. मी बाविसावं ओलांडलं आणि एके सकाळी काकी चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यावर पदर नव्हता. कप ठेवला आणि गेली. त्यानंतर तिने माझ्याशी धड बोलणंच सोडलं. त्याच्यापेक्षा मी म्हातारा झालो, तिच्या उपयोगाचा राहिलो नाही. महिन्याभरात मी इचलकरंजीचं काम धरलं. लोकांना वाटतं, मी पैशासाठी गाव सोडलं.

म्हणून सांगतो, पोराला हे नाव देऊ नकोस. ते पोर जन्माआधीच अर्धं झालं आहे.

पण आता दुसरी बाजूही लिहितो. काकीला या नावाशिवाय जगात दुसरं काही नाही. माझ्याकडून ते सुटलं, आता म्हातारपणी पुन्हा तिच्या हाती येतंय. तेही मीच काढून घ्यावं, एवढी छाती मला नाही. तू ठरव. मी भित्रा माणूस आहे, लांब बसून पत्रं लिहितो.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

रामनाथकाका


राहनाळ
२३ नोव्हेंबर २०२५

ती. काका,

मुलगा झाला. वजन चांगलं आहे, केस भरपूर आहेत. माझ्या आईला बरं नसतं, म्हणून बाळंतपण इथेच झालं.

तुमच्या पत्राला एवढे दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. मी प्रितमला म्हटलं, दुसरं नाव बघू. तो रागावला. म्हणाला, देशासाठी गेलेल्या माणसाचं नाव तुला जड होतंय का? बाबा म्हणाले, आजीच्या जिवाशी खेळू नका. पत्रिका छापून आल्यात. वर स्तंभाचं उद्‌घाटन, खाली 'चि. रामनाथ याचे बारसे'. वडप्यापासून धामणकर नाक्यापर्यंत वाटूनही झाल्या.

काका, काल आजी बाळाला बघायला आल्या. उंबऱ्यात थांबल्या, आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. सत्तरी उलटलेली बाई त्या एवढ्याशा जिवापुढे मान खाली घालून बसली. बाळ रडलं, मी दूध पाजायला घेतलं, तर त्या लाजून तोंड फिरवून बसल्या.  हे माझं बाळ आहे, काका. माझ्या मांडीवर असून मला ते परकं वाटायला लागलंय.

मी काय करू?

मृणाली


इचलकरंजी
२८ नोव्हेंबर २०२५

चि. मृणाली,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहितो, वेळेत पोचावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतोय.

तुझ्या ऋतिकाने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हे कसे होते? तू गावभर विचारलंस. मला विचारलंस. जिला माहीत आहे तिला विचारलंस का? आम्हीही विचारलं नाही. ती दुःखी होईल म्हणून त्याचा विषय काढायचा नाही, असा घरात नियमच होता. नाव तेवढं माझ्यावर टांगलं आणि माणूस सगळ्यांनी मिळून पुसला.

जा आणि विचार तिला. मला हे तिथे राहून बावीस वर्षांत सुचलं नाही.

रामनाथकाका


राहनाळ
८ डिसेंबर २०२५

ती. काका,

सगळं क्रमाने सांगते.

तुमचं पत्र बुधवारी आलं. दुपारी ऋतिकाला घरी बोलावलं. आजी बाळापाशी पदर घेऊन बसल्या होत्या. मी ऋतिकाला म्हटलं, विचार. ती पोर सरळ त्यांच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, तुमचे नवरे कसे होते?"

मला वाटलं, आजी उठून जातील. त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "मना आजपावतर कोनी इचारला न्हाय गो."

आणि सांगायला लागल्या. ते चहा बशीत ओतून प्यायचे आणि तरी तोंड भाजून घ्यायचे. गाणं यायचं नाही, पण लग्नात धवले म्हणणाऱ्या बायांच्या मागे बसून मुद्दाम बेसूर साथ करायचे. लग्नानंतर एकदाच सुट्टीवर आले, गणपतीत. तेव्हा उतरत्या उन्हात खाडीवर नेऊन त्यांनी आजींना पाण्यावर तरंगायला शिकवलं, लुगड्यासकट. पाठीखाली हात धरला आणि म्हणाले, भिऊ नको, पाणी उचलतं. "तो हात त्यांनी कवा काढला मना कललाच न्हाय. मी आपली तरंगतेय," आजी म्हणाल्या. हे सांगताना त्या हसल्या. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं.

 ऋतिका म्हणाली, "मग?"

निघताना ते म्हणाले होते, उखाण्यात नको, साधं एकदा माझं नाव घे, मी ऐकतो आणि जातो. आजी लाजल्या. म्हणाल्या, पुढच्या खेपेला घेईन. "नाव बाकी हाय म्हनून तरी येतील, असा वाटायचा. मंग या सगल्यांनी ते नाव लडकूभावजींच्या पोऱ्याला देला. दिसभर घरात त्यांच्या नावाचा पुकारा. कोनी शिव्या देतंय, कोनी मारतंय. सगले घेत व्हते, मना एकलीला घेता येत नव्हता. बोलले तोच परत आयला. मी अठरा-एकोनीसची, मानला मी. पन तो पोऱ्या त्यांच्या वयाच्या पुढं गेला, तवा डोला उघारला. दुसऱ्याच्या पोराचा मी काय केला? त्याच्याकरं बघायची मना लाज वाटली."

काका, तुम्ही निरुपयोगी झालात म्हणून त्या गप्प झाल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटत होती.

मी बाळाकडे बघितलं आणि रडले. आजींनीही बघितलं. त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. मी तेवढ्यावरच समाधान मानलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, प्रितम ऐकत नव्हता.

काल स्तंभापाशी मांडव होता. कंटेनर थांबवून ठेवले होते, ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. पाहुण्यांनी शूर, वीर, अमर असं सगळं म्हणून घेतलं. आजींना शाल-श्रीफळ देऊन खुर्चीवर बसवलं. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नाही. मग ऋतिका उभी राहिली. तिने कागद घेतलाच नव्हता. म्हणाली, "ते चहा बशीत ओतून प्यायचे आणि तरी त्यांचं तोंड भाजायचं." लोक हसले. मग तिने खाडीचं आणि हाताचं सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. ड्रायव्हरांतल्या एकाने टोपी काढली.

आणि आजी उठल्या. नारळ खुर्चीवर ठेवला. मिथुनदादा धरायला गेले, त्यांना बाजूला सारलं. दगडाजवळ गेल्या, कोरलेल्या नावावर हात ठेवला, आणि मोठ्याने म्हणाल्या:

"भरतीच्या पान्यामंदी हात त्यांचा आधार,
रामनाथांचा नाव घेतंय, उशीर झाला फार."

विधवेने उखाणा घेतला म्हणून कोणी कुजबुजलं असेल तर मला ऐकू आलं नाही.  मग आजी पुन्हा म्हणाल्या, उखाण्याशिवाय, साधं, त्यांनी मागितलं होतं तसं. "रामनाथ." एकदाच. आणि दगडावर डोकं टेकून रडल्या. चोपन्न वर्षांत त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं, असं सासूबाई म्हणतात.

नंतर प्रितमकडे वळून म्हणाल्या, "त्यांचा नाव हितं ऱ्हाऊ दे. पोऱ्याला दुसरा ठेवा. ते कसं व्हते ते त्याला सांगा, त्यांचा ओझा देऊ नका." प्रितमने मान हलवली. 

संध्याकाळी प्रितमच्या बहिणीने, रीमाताईंनी, बाळाच्या कानात 'कुणाल' असं नाव सांगितलं. आजी पाळण्याशी आल्या, पदर खांद्यावरच होता. म्हणाल्या, "आयलास का रं?"

सोबत आजींचं पत्र आहे. त्या बोलल्या तसं लिहिलंय. माझ्यातल्या मास्तरणीने एक अक्षरही सुधारलेलं नाही.

मृणाली


राहनाळ
८ डिसेंबर

रामनाथ,

मृणाली लिवतेय, मी बोलतेय. तुजा नाव मी पयल्यांदा घेतंय. तू ह्या नावाला आयुष्यभर ओ देलीस, पन मी तुना हाक मारली न्हाय. आता मारतंय. रामनाथ.

तू तो न्हायस. तू कवाच नव्हतास. मना भलता सांगितला, मी तुना भलता समजून वारवला. तुजा काय चुकला न्हाय, बाला. मी कप ठेवला आनि तू माज्याकरं बघितलास, ते डोलं मना अजून दिसतात. मी तवाच बोलाया पायजे व्हता.

कान गेलं तुजं, असा मोरू बोलतो. म्हनून लिवून धाडतंय.

आता ये. बाजारातून निवट्या आनवतंय, कालवन करून घालतंय. तू खा, मी पन खाईन. खारीचा पानी कारखान्यांच्या रंगाने काला झाला, त्यात न्हाय जायाचा. पन तलाव हाय. कुनालला पवाया शिकवाया पायजे, आनि त्याच्या आगोदर तुना. मना येतंय अजून, इसरली नसंन.

तू उताना पड. पाठीखाली हात मी धरतंय.

पुतळाकाकी